आप्पांच्या तेरा गोळ्या आणि एक एकादशी

पत्र

डॉक्टरकाका, सा. न. वि. वि.

आम्ही नाशिकरोडला, जेलरोडवर राहतो. माझे सासरे आप्पा ८० वर्षांचे आहेत. नोटांच्या प्रेसमध्ये तपासणी खात्यात होते. शुगर आणि बीपी २० वर्षांपासून. गेल्या पौषात ते पहाटे पाचला बाथरूमला जाताना पडले. हाड मोडले नाही, भुवईवर चार टाके पडले. आदल्या दिवशी त्र्यंबकच्या यात्रेची एकादशी होती, आम्ही सगळेच लवकर झोपलो होतो, त्यामुळे पटकन कोणाला कळलेही नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस ठेवले. तिथे सगळे कॉम्प्युटरवर आहे. घरी येताना ११ पानांची प्रिंट मिळाली, तिच्यातली औषधांची यादी सोबत पाठवते आहे. १३ प्रकारच्या गोळ्या आहेत, तीन-चार डॉक्टरांच्या. त्यातली पाणी उतरवायची गोळी कोणी दिली ते घरात कोणालाच आठवत नाही. शिवाय लघवीत जंतू निघाले म्हणून सात दिवस अँटिबायोटिक दिले. जळजळ, ताप असे काही नव्हते. तीन महिन्यांची शुगर ६.३ आली, ‘एकदम उत्तम’ असे सगळे म्हणाले.

यजमान म्हणतात, आता सगळे कॉम्प्युटरमध्ये गेले, नको असलेले औषध तोच पकडेल. पुण्याचे भाऊजी म्हणतात, वैशाखात आप्पांचे सहस्रचंद्रदर्शन आहे, तेव्हा त्यांना ९० तपासण्यांचे फुल बॉडी पॅकेज भेट देऊ. मला वाटते आप्पांना औषधे जास्त होत आहेत. पण हे मी बोलायची सोय नाही. मागे एकदा बोलले तर नणंद म्हणाली, “बाबांच्या औषधात काटकसर नको, वहिनी.” आप्पांना तर जो जास्त गोळ्या लिहितो तोच डॉक्टर हुशार वाटतो. मी काय करू?

— एक सून, जेलरोड

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचे पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा १३ या आकड्यापाशी थांबलो, दुसऱ्यांदा एकादशीपाशी. घरचे लवकर झोपले होते एवढेच सांगायला तुम्ही ती लिहिलीत, पण मला अख्ख्या पत्रात तिच्याइतके महत्त्वाचे दुसरे काही वाटले नाही.

निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या दिवशी नाशिकचा ऐंशीचा गृहस्थ उपास करणार नाही, असे सहसा होत नाही. दुपारी थोडी भगर आणि दाण्याची आमटी, रात्री फार तर कपभर दूध. गोळ्या मात्र वेळच्या वेळी, कारण उपासाला औषध चालते! माझा अंदाज चुकला असेल तर तसे कळवा. चुकला नसेल तर त्या पहाटे काय झाले असावे ते आधी सांगतो.

यादीतली पहिलीच गोळी म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड ही जोडगोळी, सकाळ-संध्याकाळ. मेटफॉर्मिन एकटे असले तर शुगर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिमेपिराइड वेगळे आहे. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, माणूस जेवलेला असो की उपाशी. वयाबरोबर मूत्रपिंडे मंदावतात, मग औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळते. तरुण माणसाची शुगर उतरली की त्याला दरदरून घाम फुटतो, हात कापतात, भूक लागते. म्हाताऱ्या माणसात बऱ्याचदा यातले काही दिसत नाही. नुसते गरगरते, काही सुचत नाही, पाय लटपटतात. पहाटे पाचला, पौषाच्या थंडीत, अंधारात असे झाले तर तो माणूस पडतो, आणि घरचे म्हणतात, ‘पाय घसरला.’

राहिली ती ‘उत्तम’ ६.३ शुगर. चाळिशीतल्या माणसाला मी त्यासाठी शाबासकी दिली असती. ऐंशीच्या माणसात, ग्लिमेपिराइड चालू असताना, हा आकडा मला काळजीचा वाटतो. सरासरी इतकी खाली असली की अधूनमधून ती फारच खाली जात असण्याची शक्यता असते. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ पासून स्पष्ट सांगितले आहे की बहुतेक वृद्धांमध्ये मेटफॉर्मिन सोडून इतर औषधे वापरून ही शुगर ७.५ च्या खाली ओढू नये.

म्हणून पहिले काम आजच करा. शुगरच्या डॉक्टरांना फोन करून तीनच गोष्टी सांगा: पडले, आदल्या दिवशी उपास होता, ६.३ आहे. पुढचे ते ओळखतील. घरी ग्लुकोमीटर नसेल तर आणा, आणि चार-पाच दिवस पहाटे, आप्पा उठतील तेव्हा, बोटातून रक्त घेऊन आकडा लिहून ठेवा. ७० च्या खाली आला आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. एक मात्र सांगून ठेवतो, या पत्रात मी ज्या गोळ्यांविषयी बोलेन त्यातली एकही माझ्या शब्दावर बंद करू नका. मी आप्पांना पाहिलेले नाही. शिवाय काही गोळ्या एकदम सोडल्या तर उलटतात. झोपेची गोळी त्यातलीच, ती सहा-सहा वर्षे घेऊन अचानक थांबवली तर माणूस बेचैन होतो, कधी झटकेही येतात.

आता कॉम्प्युटर. यजमानांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते कोणते अर्धे हे समजून घेण्यासारखे आहे.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या मंडळींनी नेमका हाच प्रयोग केला. ६० दवाखाने, १८ महिने, निकाल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तीनच गोष्टी निवडल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषाला लक्षण नसताना प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी केली जाणारी पीएसए ही रक्ततपासणी, पासष्टीपुढच्या बायकांची ठोस कारण नसताना होणारी लघवीची तपासणी, आणि पंचाहत्तरीपुढे तीन महिन्यांची शुगर सातच्या खाली असूनही चालू ठेवलेली शुगर उतरवणारी औषधे. डॉक्टर पडद्यावर अशी तपासणी मागवू लागला की तिथल्या तिथे एक सूचना यायची: या वयात याने फायद्यापेक्षा त्रास जास्त होऊ शकतो. तरीही हवीच असेल तर कारण टाइप करा. ते कारण रुग्णाच्या नोंदीत कायमचे राहणार.

तिन्ही गोष्टी कमी झाल्या. दोन तपासण्या बऱ्याच उतरल्या, शुगरच्या औषधांत घट त्या मानाने थोडी झाली. मला याचे नवल वाटले नाही. नवीन तपासणी न लिहिणे सोपे असते. वर्षानुवर्षे चालू असलेली, रुग्णाला पाठ झालेली, आकडा ‘उत्तम’ ठेवणारी गोळी काढायला धीर लागतो. ३४ वर्षे दवाखाना चालवला, मलाही तो प्रत्येक वेळी झाला नाही.

तेव्हा मशीन पकडते ते खरे, पण कोणीतरी आधी बसून ‘ऐंशीचा माणूस, ही गोळी, हा आकडा, तर विचार’ असा प्रश्न त्यात घालून ठेवला तर. आपल्याकडे मी पाहिलेली बहुतेक हॉस्पिटलची सॉफ्टवेअरे बिलाच्या खिडकीपासून सुरू झालेली आहेत. कोणत्या खोलीचे किती दिवस, किती हातमोजे वापरले, हे त्यांना चोख माहीत असते. ग्लिमेपिराइड आणि ६.३ शेजारी दिसले तर थांबायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. आणि जिथे शिकवले तिथे इतके शिकवून ठेवतात की दर मिनिटाला लाल चौकट उगवते. मग ‘लांडगा आला रे आला’ होते, आणि डॉक्टरचे बोट न वाचताच ती बंद करायला शिकते.

दुसरी भानगड मी घरातच पाहिली आहे. माझी थोरली बहीण, आक्का, सत्तरीत असताना छातीत कळ आली म्हणून एका हॉस्पिटलात दाखल झाली. नाव कशाला घेऊ. तरुण डॉक्टरने नोंदीत हृदयविकार लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले, म्हणजे ‘शंका आहे, बघू’. तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघाले, कळ पित्ताची होती. दोन वर्षांनी तिथेच मोतीबिंदूसाठी गेली तेव्हा कोणीतरी जुनी नोंद उचलून नव्या पानावर चिकटवली. चिकटवताना प्रश्नचिन्ह गळले. आक्काला हृदयविकार झाला! मग रक्त पातळ करायची एक गोळी लागली, पुढच्या खेपेला दुसरी. हे चार वर्षे चालले. एके दिवशी तिने सहज सांगितले की शौचाला डांबरासारखे काळे होते आहे, तेव्हा मी तिची फाइल मागून घेतली. चार वर्षे दर भाऊबीजेला मी तिच्याकडे जेवत होतो आणि तिच्या ताटाशेजारची गोळ्यांची डबी पाहत होतो. कागदावरची चूक दुसऱ्या डॉक्टरच्या हातात गेली की तो निदान तुमच्या तोंडाकडे बघून विचारतो. छापील यादीला उलट विचारायचे कोणाला सुचत नाही, घरच्या डॉक्टरलाही नाही.

आप्पांच्या यादीत ॲस्पिरिन आहे आणि समोर लिहिले आहे, ‘हृदयविकार’. तुम्ही यादीच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे, ‘१२ वर्षांपूर्वी ईसीजीत थोडा फरक, ॲटॅक नाही, स्टेंट नाही.’ ही पेन्सिलीची ओळ सोन्याची आहे. ॲटॅक येऊन गेलेल्या किंवा स्टेंट असलेल्या माणसाचे ॲस्पिरिन कोणी हलवू नये. ज्याला यातले काहीच झालेले नाही अशा सत्तरीपुढच्या निरोगी माणसांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांहून अधिक लोकांचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ॲस्पिरिनने त्यांचे हृदय काही वाचले नाही, रक्तस्राव मात्र वाढला. आप्पा कोणत्या रांगेतले, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे.

यादी पुढे वाचू. सकाळी टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन एकत्र असलेली बीपीची गोळी, शुगरच्या डॉक्टरांची. रात्री नुसते ॲम्लोडिपिन, हृदयाच्या डॉक्टरांचे. कंपन्या वेगळ्या, पाकिटांचे रंग वेगळे, नावात कुठेही साम्य नाही. औषध एकच, दोनदा. ॲम्लोडिपिनने घोट्यांवर सूज येते, डोस वाढला की जास्त येते. सूज दिसली की कोणीतरी पाणी उतरवायची गोळी लिहितो. आठवत नाही म्हणता ती बहुधा अशीच आली. पाण्याच्या गोळीने लघवी वाढते, माणूस रात्री उठू लागतो. मग प्रोस्टेट म्हणून टॅमसुलोसिन येते. आप्पांना प्रोस्टेटचा खरा त्रास असेलही, पण टॅमसुलोसिनने उठून उभे राहिल्यावर बीपी पडते. आणि मुळात बीपीची दुसरी गोळी का लागली? हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यासाठी दिलेली दुखण्याची गोळी बीपी वाढवते. तीच गोळी, टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी अशी तिघे एकत्र आली की मूत्रपिंडांवर ताण येतो, मूत्रपिंडे मंदावली की ग्लिमेपिराइड आणखी रेंगाळते. फिरून आपण एकादशीच्या पहाटेशी आलो.

पायाला मुंग्या येतात म्हणून प्रीगॅबलिन चालू आहे. मेटफॉर्मिन पुष्कळ वर्षे घेतले की शरीरातले बी१२ उतरते, आणि त्यानेही मुंग्या येतात. एकदा बी१२ तपासून बघावे. प्रीगॅबलिनने गुंगी येते, सासूबाई गेल्यापासून चालू असलेल्या झोपेच्या गोळीनेही येते. ॲसिडिटीच्या दोन गोळ्या आहेत, दोन डॉक्टरांच्या, आत औषध तेच. त्यात पित्तापेक्षा सवयीचा भाग जास्त असतो. कोलेस्टेरॉल आणि कॅल्शियमच्या गोळ्यांविषयी मला आज काही म्हणायचे नाही.

सगळ्या गोळ्या चुकीच्या आहेत असे मी म्हटलेले नाही, हे पुन्हा वाचा. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरते बरोबरच लिहिले असेल. कोणीही १३ लिहिल्या नाहीत. कोणी चार लिहिल्या, कोणी तीन. तेरा झाल्या त्या तुमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात.

तर तुम्ही करायचे ते असे. सगळी पाकिटे, सिरप, मलमे, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेले चूर्ण, सगळे एका कापडी पिशवीत भरा. पाकिटावरचे ठळक नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरांतले औषधाचे नाव वाचा. चष्मा पुरत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. वहीत लिहा: औषध, कोणी दिले, कधीपासून, कशासाठी. ‘कशासाठी’चा रकाना जिथे रिकामा राहील तिथून चर्चा सुरू होते. मग एक डॉक्टर ठरवा. सगळ्यांत मोठा असलाच पाहिजे असे नाही. ज्याला आप्पा उपास करतात हे माहीत आहे आणि जो पंधरा मिनिटे देईल तो. तुमच्या भागात जुने फॅमिली डॉक्टर अजून आहेत. त्यांच्यापुढे पिशवी ओता. बाकीच्यांशी ते फोनवर बोलतील, तुम्ही तिघांकडे निरोप पोचवत हिंडू नका.

हॉस्पिटलच्या नोंदीतही दुरुस्ती मागा. ‘हृदयविकार’ पुढे काय झाले होते आणि काय नव्हते ते नीट लिहून द्या, कोणी दिली माहीत नाही ती गोळी तशी नोंदवायला सांगा, आणि उपासाची ओळ घालायला सांगा. तिच्यासाठी रकाना नसेल, तरी ‘इतर माहिती’ असा एक कोपरा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो. जुने कागद हवे असतील तर तोही तुमचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्यायच्या.

आभा कार्डाविषयी तुम्ही विचारले नाही, पण पुण्याचे भाऊजी विचारतील म्हणून सांगतो. १४ अंकी आभा क्रमांक म्हणजे २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या डिजिटल आरोग्य योजनेतला. उपचाराचे पैसे देणारे आयुष्मान कार्ड वेगळे. सत्तरीपुढच्या सगळ्यांना ते २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळते, आप्पांचे काढले नसेल तर काढा. आभात तुमच्या नोंदी कुठल्या एका मोठ्या कोठारात जात नाहीत. ज्या दवाखान्याने त्या केल्या तिथेच राहतात, आणि तुम्ही मोबाइलवर परवानगी दिली की दुसऱ्या डॉक्टरला ठरावीक मुदतीपुरत्या दिसतात. परवानगी मागेही घेता येते. कल्पना चांगली आहे. आप्पांच्या तिन्ही डॉक्टरांचे दवाखाने जोडलेले असते तर ॲम्लोडिपिन दोनदा आहे हे कोणाच्या तरी पडद्यावर दिसले असते. पण जो दवाखाना जोडलेला नाही आणि जो डॉक्टर हाताने चिठ्ठी लिहितो, तिथले काहीच तिथे उमटत नाही. म्हणून आभा काढा, तिन्ही ठिकाणी ‘जोडलेले आहात का’ विचारा, आणि पिशवी मात्र सोडू नका.

आता अवघड भाग, बोलायचे कसे. ‘गोळ्या कमी करा’ म्हणालात तर डॉक्टर आक्रसतात, आणि नणंदेचा टोमणा खरा ठरल्यासारखा होतो. असे म्हणून बघा: “डॉक्टर, आप्पा पडले. पुन्हा पडू नयेत म्हणून या पिशवीतली कोणती गोळी आधी तपासावी?” हा पडण्याविषयीचा प्रश्न आहे, त्यात पैसा कुठेच येत नाही. याच वेळी आप्पांचे बीपी झोपवून आणि मग उभे करून, एक आणि तीन मिनिटांनी, मोजायला सांगा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर कोणाला काही समजावून सांगायची गरज उरत नाही. नणंदबाईंना त्या दिवशी सोबत न्या. नंतर येऊन सांगण्यापेक्षा तो आकडा त्यांनी स्वतः पाहिलेला बरा. काटकसरीचा आरोप सुनेवरच येतो, मुलावर येत नाही, हे मी शेकडो घरांत पाहिले आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे. यजमानांनाही सोबत न्या आणि पिशवी त्यांच्या हातात द्या.

गोळ्या कमी करायच्याच ठरल्या तर एका वेळी एक, दोन-चार आठवडे थांबून, घरी बीपी-शुगर लिहीत. दोनदा असलेले औषध लगेच सुटते. झोपेची गोळी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत हळू, कधी कधी तिला महिने लागतात.

लघवीतल्या जंतूंचे अँटिबायोटिक एव्हाना संपले असेल, त्यावर भांडू नका. पण पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवा. म्हातारपणी, बायकांमध्ये जास्त पण पुरुषांतही, लघवीत जंतू नुसते नांदत असतात. जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे, यातले काही नसेल तर त्यांना हात लावायची सहसा गरज नसते. आणि लघवीसाठी लिहिली जाणारी काही अँटिबायोटिके ग्लिमेपिराइडबरोबर घेतली की शुगर आणखी उतरवतात. म्हणजे पडण्याच्या तपासातून पुन्हा पडायची सोय.

भाऊजींचे पॅकेज. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही, पुण्यात राहणाऱ्या मुलाला वडिलांसाठी काहीतरी मोठे करायचे असते आणि लॅबवाले ते जाणून असतात. ९० तपासण्या केल्या की चार-पाच आकडे रेषेच्या बाहेर येणारच, अगदी धडधाकट माणसाचेही येतात. प्रत्येकामागे सोनोग्राफी, सीटी, नवा डॉक्टर आणि बहुधा चौदावी गोळी. पॅकेजात पीएसए असेलच. नुसते प्रोस्टेट वाढलेले असले किंवा लघवीत संसर्ग असला तरी ते चढते. त्यावरून सुई घालून तुकडा काढायचा, आणि या वयातला प्रोस्टेटचा कॅन्सर पुष्कळदा इतका सावकाश वाढतो की उपचाराचा फायदा दिसायला दहा-पंधरा वर्षे जावी लागतात. आप्पांना लघवीचा त्रास आहे, तेव्हा ही तपासणी करायची की नाही हे त्यांचे प्रोस्टेटचे डॉक्टर ठरवतील. भेटवस्तूच्या पाकिटातून ती येऊ नये. तेवढ्याच पैशात बाथरूमला दोन दांडे, पलंगापासून दारापर्यंत रात्रीचा मंद दिवा, न घसरणाऱ्या चपला, चष्म्याचा नवा नंबर आणि कान तपासणी, एवढे होऊन फ्लूची लसही होईल. भाऊजींना दांडे बसवायला स्वतः यायला सांगा. सहस्रचंद्रदर्शनाला हजार पूर्णचंद्र पाहिलेला माणूस दोन पायांवर उभा असावा, एवढे त्यांना सांगितले तरी पुरेल.

आणि आप्पा. त्यांच्यापासून चोरून काही करू नका. गोळी बदलली म्हणून खोटे सांगितले आणि त्यांनी पाकीट ओळखले, तर पुढे तुमच्या हातचे पाणीही ते विचार करून पितील. हा माणूस आयुष्यभर नोटांच्या तावांमधून खराब छपाई वेगळी काढत आला. हजारात एक तिरका आकडा त्याच्या नजरेतून सुटला नसेल. वही त्यांच्यापुढे ठेवा, चष्मा द्या, पाकिटांची थप्पी लावा, आणि एकच औषध दोन नावांनी कुठे आले आहे ते शोधून द्या म्हणावे. तुम्ही सांगू नका. ॲम्लोडिपिन त्यांनाच सापडू दे. ‘कशासाठी’चा रकाना त्यांच्या अक्षरात असला की डॉक्टरांपुढे तेच बोलतील, तुम्हाला बोलावेच लागणार नाही.

उपास सोडायला मात्र सांगू नका, ते ऐकणार नाहीत, आणि का ऐकावे? उपासाच्या दिवशी संध्याकाळच्या गोळीचे काय करायचे, एवढेच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. पुढची एकादशी कधी आहे ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बघा, आणि तिच्या आधी तो फोन झालेला असू द्या.